बदल झाला, पण कळवलं कुणाला?



आज नेहमीपेक्षा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. विषय आहे संगणकाच्या एका लहानशा प्रोग्रामची तपासणी. मी समाजशास्त्रात एम.ए. केलेली, वस्तीत काम करणारी बाई. प्रोग्रामिंगशी माझा संबंध नाही. तरीही शेवटपर्यंत वाचा, कारण तो प्रोग्राम तपासता तपासता माझ्याच कामातली एक चूक सापडली. ती चूक प्रोग्राममधल्या चुकीपेक्षा फार महाग पडली होती.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालते. तिथे सहा जुने लॅपटॉप आहेत, सगळे लोकांनी दिलेले. विंडोज त्यांच्यावर नीट चालेना, म्हणून वस्तीतल्याच एका मुलाने सगळ्यांवर लिनक्स बसवलं. मुलगा बीसीए झालाय, नोकरी शोधतोय. नोकरी शोधतोय म्हणूनच त्याचं नाव इथे लिहीत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे भर दुपारी लाईन जाते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या थकलेल्या. चाळीस टक्के दाखवता दाखवता मशीन बंद पडतं. त्यात जुन्या मशीनवर चालावं म्हणून जे हलकं डेस्कटॉप त्याने बसवलं, त्यात बॅटरी संपत आल्याची सूचना येत नव्हती. म्हणून त्याने स्वतःच पायथॉनमध्ये सुमारे एकशेचाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. लाईन गेलेली असेल आणि बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली आली, तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत यायचं: "बॅटरी संपत आली. फॉर्म सेव्ह करा." मुलांना कौतुक वाटलं. मलाही वाटलं. आपल्या पोराने आपल्या अडचणीवर आपल्या भाषेत उपाय काढला होता.

मे महिन्यात एका भरतीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. एक मुलगी दुपारी आली. लाईन आधीच गेलेली होती. तिने लॅपटॉप उघडला, मोबाईलचं नेट जोडलं आणि फॉर्म भरायला बसली. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअरची भानगड नाही, पण डोमिसाईल, गुणपत्रिका, फोटो, सही, सगळं एकेक करून चढवलं. दीड तास गेला. आणि काही सूचना न येता पडदा काळा झाला. रात्री साडेअकराला आम्ही तो फॉर्म दुसऱ्याच्या संगणकावर बसून पुन्हा भरला. भरला गेला, हे नशीब. ती मुलगी घरी जाताना एवढंच म्हणाली, "ताई, तो सांगणारा प्रोग्राम तर होता ना?"

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर तो मुलगा कोडची प्रिंट घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, "ताई, तुम्ही वाचा. मी दहा वेळा वाचलं, मला चूक दिसत नाही."

मी म्हटलं, "अरे, मला यातलं काय कळतं?"

"कळत नाही म्हणूनच. ज्याला कळतं तो गृहीत धरतो."

मग त्याने आधी मला ती सगळी व्यवस्था समजावून सांगितली. ती मी समजले तशी तुम्हाला सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

संगणकावर एकाच वेळी कितीतरी प्रोग्राम चालू असतात. प्रत्येकाची स्मरणाची जागा वेगळी असते. एकाला दुसऱ्याच्या जागेत डोकावता येत नाही. ही भिंत कुणाला हीन ठरवण्यासाठी नाही, सुरक्षेसाठी आहे. पण मग एकाकडची माहिती दुसऱ्याला हवी असेल तर? त्यासाठी निरोपांची व्यवस्था लागते. लिनक्सवर या व्यवस्थेचं नाव डी-बस. तिची १.० आवृत्ती २००६ साली आली. मधे एक निरोप्या प्रोग्राम बसलेला असतो आणि बाकीचे त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलतात. बॅटरीचा आणि विजेचा हिशेब ठेवणारा यूपॉवर नावाचा प्रोग्रामही याच मार्गाने बोलतो.

यूपॉवरकडे काही गोष्टी सर्वांना पाहता येतील अशा ठेवलेल्या असतात. त्यांना प्रॉपर्टी म्हणतात. इथे प्रॉपर्टी म्हणजे सातबारा नव्हे, गुणधर्म. 'मशीन बॅटरीवर आहे का' ही एक प्रॉपर्टी. तिचं उत्तर हो किंवा नाही. 'बॅटरी किती टक्के' ही दुसरी. ही माहिती मिळवायचे दोन रस्ते आहेत. पहिला, आपण विचारायचं. एकच गोष्ट विचारायची तर 'गेट', सगळ्या एकदम विचारायच्या तर 'गेट-ऑल'. दुसरा रस्ता, बदल झाला की यूपॉवरने स्वतःहून कळवायचं. त्या निरोपाचं नाव 'प्रॉपर्टीज-चेंज्ड'. दर सेकंदाला विचारत बसण्यापेक्षा हा रस्ता स्वस्त पडतो, बॅटरीही वाचते.

या निरोपात तीन भाग असतात. पहिला, हे गुणधर्म कोणत्या गटातले. दुसरा, काय काय बदललं आणि नवी किंमत काय. तिसरा, ज्यांची जुनी किंमत आता खरी नाही पण नवी इथे दिलेली नाही अशांची नुसती नावं. त्यांच्यासाठी तुम्ही पुन्हा जाऊन विचारायचं.

आणि दोन अटी. एक, हा निरोप ज्याने आधी नाव नोंदवून ठेवलं आहे त्यालाच मिळतो. दोन, निरोप साठवून ठेवला जात नाही. तुम्ही उशिरा आलात तर तुमच्यासाठी कुणी तो राखून ठेवलेला नसतो.

हे ऐकल्यावर मी पेन्सिल घेऊन कोड वाचायला घेतला. पहिली ओळ कळली नाही. दुसरी कळली नाही. पण एक ओळ कळली. तिच्यात लिहिलं होतं की 'बॅटरीवर आहे का' याचं सुरुवातीचं उत्तर 'नाही' धरा. मी विचारलं, "हे 'नाही' तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सुरुवातीला काहीतरी धरावं लागतं ना. लाईन गेली की निरोप येईल, मग ते 'हो' होईल."

"आणि लाईन आधीच गेलेली असेल तर?"

तो गप्प झाला. त्या दिवशी दुपारी नेमकं हेच झालं होतं. मुलीने लॅपटॉप उघडला तेव्हा लाईन नव्हतीच. प्रोग्राम सुरू झाला, त्याने मनाशी धरलं की लाईन आहे, आणि बदलाच्या निरोपाची वाट पाहत बसला. बदल तर होऊन गेला होता. निरोप येणार कुठून? बॅटरी उतरत असल्याचे निरोप येत होते, पण प्रोग्रामच्या लेखी लाईन होती, मग काळजी कशाची? सगळं ठीक आहे असं गृहीत धरणारा प्रोग्राम अंधारातच सुरू झाला होता.

दुसरी चूक मला एम.ए.च्या शिक्षणामुळे सापडली. सर्वेक्षणाचे फॉर्म संगणकात भरताना आम्हाला एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. कुणी उत्पन्नाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, तर तिथे शून्य भरायचं नाही. 'उत्तर नाही' याचा आकडा वेगळा ठेवायचा, नव्याण्णव वगैरे. नाहीतर ज्याने उत्तर दिलं नाही तो माणूस तुमच्या तक्त्यात बिनउत्पन्नाचा होऊन बसतो. या कोडमध्ये निरोप आला की त्यातून 'टक्के' काढायचे आणि निरोपात टक्के नसतील तर शून्य धरायचं, असं लिहिलेलं होतं. पण लाईन गेल्याचा निरोप वेगळा, टक्क्यांचा वेगळा. लाईन गेल्याच्या निरोपात टक्के नसतातच. त्यामुळे प्रोग्राम चालू असताना लाईन गेली रे गेली की पडद्यावर यायचं, "बॅटरी शून्य टक्के." ऐंशी टक्के बॅटरी असताना! मुलं हसायची आणि बंद करायची. महिनाभरात त्यांना त्या सूचनेकडे न बघण्याची सवय लागली होती. खोटी सूचना ही न आलेल्या सूचनेइतकीच घातक असते, हे मला त्या दिवशी पटलं.

न कळवलेली गोष्ट म्हणजे शून्य नव्हे. हे वाक्य मी प्रिंटच्या समासात लिहून दिलं.

त्याने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. सुरुवातीलाच 'गेट-ऑल' करून सगळी खरी स्थिती विचारून घ्यायची, आणि मग बदलाच्या निरोपासाठी नाव नोंदवायचं. मी विचारलं, "विचारून झालं आणि नाव नोंदवायचं आहे, एवढ्यात लाईन गेली तर?" तो हसला, "ताई, तेवढा वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतकाही नसतो." मग हसू थांबलं. म्हणाला, "पण असतो." त्याने क्रम उलटा केला. आधी नाव नोंदवायचं, मग सगळं विचारायचं. एकाच जोडणीवर निरोप क्रमाने येतात, त्यामुळे मधे झालेला बदल एकतर निरोपातून कळतो किंवा उत्तरात आधीच आलेला असतो. फट उरत नाही.

तिसरी चूक त्यानेच शोधली. यूपॉवर मधेच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर आपल्याकडची जुनी नोंद खरी मानायची नाही, पुन्हा सगळं विचारायचं. आणि निरोपाचा तो तिसरा भाग, नुसत्या नावांचा, त्याने वाचलाच नव्हता. यूपॉवरच्या बाबतीत त्याची गरज पडली नसती कदाचित, पण नियमात आहे म्हणजे वाचायला हवा. संध्याकाळपर्यंत आम्ही चार्जर काढून, घालून, बॅटरीवर मशीन सुरू करून, यूपॉवर मुद्दाम पुन्हा चालू करून बघितलं. सूचना वेळेवर आली.

मधे एक गोष्ट घडली, ती नोंदवते. पहिली चूक सापडली तेव्हा त्याने मान खाली घातली होती. "चुकलं ताई." जणू मास्तरांनी वर्गात उभं केलंय. आपल्या मुलांना चूक दाखवली की आधी अपमान ऐकू येतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या चूक दाखवणाऱ्यांनी चुकीच्या जागी माणूसच दाखवला. तुमच्याकडून हे व्हायचंच, असं म्हणून. मी त्याला म्हटलं, "तू चुकला नाहीस, बेचाळिसावी ओळ चुकली. ओळ बदलता येते." तपासणी म्हणजे ओळीची तपासणी. कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतात म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, असं सांगितलं. तिथे पारख विचाराची आहे, विचार मांडणाऱ्याच्या कुळाची नाही. ज्या जागी कोणी लिहिलं यापेक्षा काय लिहिलं हे बघितलं जातं, ती जागा आपल्या मुलांना मिळायला हवी. ती आपोआप मिळत नाही. संगणकाच्या क्षेत्रात जात नसते असं सांगणाऱ्यांना आठवण द्यावी लागते की २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला होता आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. जिथे कोड जातो तिथे आडनावही जातं.

आता माझ्या चुकीकडे येते.

काम आटोपल्यावर मी अभ्यासिकेचं हजेरीचं रजिस्टर भरत होते. तो शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुमच्या रजिस्टरमध्ये पण तोच बग आहे."

"कुठला?"

"जो आला त्याची सही आहे. जो आला नाही त्याची जागा कोरी आहे. कोरं म्हणजे काय? आजारी? गावी? परीक्षा? की सोडून गेला? तुम्ही कोरं म्हणजे ठीक धरलंय."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण मला एक मुलगी आठवली होती.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आई चार घरची धुणीभांडी करते. रोज संध्याकाळी यायची, खिडकीजवळ बसायची. दिवाळीनंतर यायची थांबली. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे कोऱ्या जागा पडत गेल्या. मी धरून चालले, परीक्षा असेल. फेब्रुवारीत बाजारात ती मला एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालताना दिसली. कॉलेज सुटलं होतं. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नव्हता, कॉलेजने फी मागितली, घरात पैसे नव्हते. पोर्टलवर तिचा अर्ज ऑक्टोबरातच परत पाठवलेला होता. बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, एवढंच कारण. कळवलं गेलं होतं का? हो. मेसेज गेला होता, तिच्या भावाच्या जुन्या नंबरवर, जो वर्षभर बंद होता. व्यवस्थेच्या लेखी तिला कळवलेलं होतं. नाव नोंदवलं होतं तिथे निरोप गेला होता. ती मात्र तिथे नव्हती.

बँकेतलं काम एका दिवसाचं होतं. मी स्वतः तिच्याबरोबर गेले असते. पण मला कळलंच नाही, कारण काही घडलंच नव्हतं. भांडण नाही, मारहाण नाही, तक्रार नाही, बातमी नाही. मी ज्या निरोपांची वाट बघते, त्यांतला एकही आला नाही. एक मुलगी शिक्षणातून बाहेर पडली, आणि माझ्या लेखी सगळं ठीक होतं.

या वर्षी तिने बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरलाय. एक वर्ष मात्र गेलं. हे मी सोपं करून सांगणार नाही.

मित्रांनो, इथून माझा मुद्दा सुरू होतो. आपली चळवळ बदलाच्या निरोपावर चालते. कुठे अत्याचार झाला, पुतळ्याची विटंबना झाली, कुणी बाबासाहेबांविषयी बरळलं, की आपण रस्त्यावर येतो. यायलाच हवं. त्यात कमी पडू नये. पण घटना घडली तरच हलायचं, अशी सवय लागली की जिथे घटना घडत नाही तिथे सगळं ठीक आहे असं आपण नकळत धरतो. वस्तीतली गळती, वसतिगृहातल्या रिकाम्या जागा, न भरलेला अनुशेष, परत गेलेले अर्ज, यांतल्या कशाचाही आवाज होत नाही. ही स्थिती असते. स्थिती आपण होऊन येत नाही, ती जाऊन विचारावी लागते, वाचावी लागते. मोर्चाची तयारी आपल्याकडे आहे, नोंदवहीची नाही.

कायद्याने हे दोन्ही रस्ते आपल्याला दिलेले आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणांनी कितीतरी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. हा झाला कळवण्याचा रस्ता. कलम ६ खाली नागरिकाने अर्ज करून विचारायचं आणि कलम ७ प्रमाणे साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायचं, हा झाला विचारण्याचा. आपण कलम ६ चे अर्ज बहुधा घटना घडल्यावर करतो. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, काही घडलेलं नसतानाही, आपल्या तालुक्यात शिष्यवृत्तीचे किती अर्ज आले, किती परत गेले, कोणत्या कारणाने गेले, हे विचारणारे कार्यकर्ते किती आहेत?

आणि नोंद बदलली म्हणजे जगणं बदललं, असंही धरू नका. महाडचा इतिहास आपण दरवर्षी सांगतो, पण त्यातला क्रम नीट सांगत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावरची किंमत बदलली होती. पण तळ्यावर? तीन वर्षं काहीही बदललं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कागदावर जे 'हो' लिहिलेलं होतं, ते पाण्यात खरं आहे का, हे त्यांनी जाऊन तपासलं. उत्तर लगेच मिळालं. परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. बाबासाहेब थांबले नाहीत. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचं दहन झालं. कोर्टातला लढा दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

इथे एक सावधगिरी बाळगते. उपमा किती ताणायची यालाही मर्यादा आहे. आमच्या मुलाच्या प्रोग्राममध्ये जे झालं ते नजरचुकीने झालं. त्याला दाखवलं, त्याने त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं. महाडमध्ये काठ्या घेऊन आलेले लोक ही नजरचूक नव्हती.  जातिव्यवस्थेत निरोप चुकून हरवत नाही, तो अडवला जातो. म्हणून 'सिस्टीममध्ये बग आहे' असं म्हणून सुटका करून घेता येणार नाही. काही ठिकाणी ओळ दुरुस्त करायची असते, काही ठिकाणी ती ओळ लिहिणाऱ्याशी लढायचं असतं. कुठे काय आहे, हे मात्र वाचल्याशिवाय कळत नाही. माझ्या रजिस्टरमधल्या कोऱ्या जागा कुणा शत्रूने कोऱ्या ठेवल्या नव्हत्या. त्या मी ठेवल्या होत्या. शत्रू आहे म्हणून आपल्या चुका तपासायच्या नाहीत, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

काही जण म्हणतील, ताई, हे संगणकाचं वगैरे आपलं क्षेत्र नव्हे, आपलं काम समाजाचं. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढलं, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', पुढे 'जनता', आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. आपली बातमी आपल्या माणसापर्यंत दुसऱ्याच्या मर्जीने पोहोचणार नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आज अर्ज, दाखला, शिष्यवृत्ती, रेशन, निकाल, सगळं प्रोग्राम ठरवतात. त्या प्रोग्राममध्ये सुरुवातीची किंमत कुणीतरी धरलेली असते. मोबाईल नंबर बदलत नाही, असं कुणीतरी धरलेलं असतं. घरात लाईन असतेच, असं कुणीतरी धरलेलं असतं. ज्याच्या घरातली लाईन कधी गेली नाही, त्याला ती ओळ चुकीची दिसणारच नाही. म्हणून ती वाचायला आपली मुलं तिथे हवीत. आणि प्रतिनिधित्वाची मागणी करताना हेही एक कारण म्हणून सांगायला शिकलं पाहिजे.

आमच्या अभ्यासिकेत त्या रविवारनंतर तीन गोष्टी बदलल्या, त्या लिहिते. कुणाला उपयोगी पडल्या तर घ्या.

पहिली, रजिस्टरमध्ये आता कोरी जागा ठेवत नाही. आला, कळवून आला नाही, न कळवता आला नाही, असे तीन वेगळे खुणेचे रकाने आहेत. न कळवता सलग चार दिवस झाले की पाचव्या दिवशी कुणीतरी घरी जाऊन येतं. फोन करत नाही, घरी जातो, कारण फोनचं काय होतं ते बघितलंय.

दुसरी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांची स्थिती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो. मेसेज आला असो वा नसो. मुलं म्हणतात, 'गेट-ऑल रविवार'.

तिसरी, नवीन मुलगा किंवा मुलगी आली की आधी नाव आणि चालू असलेला नंबर नोंदवतो, मग तिची आजची सगळी स्थिती विचारतो. फी भरली का, आधार जोडलंय का, दाखला आहे का. काही ठीक आहे असं धरत नाही.

तो प्रोग्राम आता सहाही लॅपटॉपवर चालतो. त्या मुलाने एका मुलाखतीत त्याचा कोड दाखवला. काय चुकलं होतं आणि कसं सुधारलं, तेही सांगितलं. उत्तराची वाट बघतोय. मी त्याला विचारलं, तपासणाऱ्याचं नाव विचारलं का त्यांनी? म्हणाला, "विचारलं. मी सांगितलं, आमच्या विहारातल्या ताई. ते म्हणाले, त्या कुठे प्रोग्रामर आहेत? मी म्हटलं, प्रोग्रामर नाहीत, त्या विचारतात."

कार्यकर्त्यांनो, तुमच्याही वहीत कोऱ्या जागा असतील. या रविवारी त्या उघडून बघा. एकेका कोऱ्या जागेपुढे एक नाव आहे. त्या नावाच्या घरी जाऊन या.

जय भीम! नमो बुद्धाय!